घर हवंय? आधी राहता कुठे त्याचा पुरावा आणा

लहान शहरात घर होणं सोपं असतं, असं पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेले सगळे सांगतात. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो (गावाचं नाव लिहीत नाही, घरमालकही वाचतात). इथे सरकारी मदतीचे मार्ग इतके की उभं कुठल्या रांगेत राहायचं एवढाच प्रश्न. मी सगळ्या रांगांतून हिंडून आलोय, तेव्हा ऐका.

पहिलं म्हणजे घाई करू नका. सरकारनेही केलेली नाही. जून 2015 मध्ये शहरांसाठी पंतप्रधान आवास योजना आली, तेव्हा 2022 पर्यंत सर्वांना घर असं ठरलं होतं. 2022 अगदी वेळेवर आलं. घरांना मुदतवाढ मिळाली, आणि सप्टेंबर 2024 पासून आणखी 1 कोटी कुटुंबांसाठी योजनेचा दुसरा अंक सुरू झाला. तुम्ही त्या 1 कोटीत आहातच असं समजून चला. समजायला पैसे पडत नाहीत.

दुसरं, गरिबी बेताने करा. वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळवाल तर अत्यल्प उत्पन्न गट, 6 पर्यंत अल्प, 9 पर्यंत मध्यम. देशात कुठेही, घरातल्या कुणाच्याही नावावर पक्कं घर नको. जागा मात्र हवी! स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख मिळतो. ज्याच्याकडे घर नाही पण शहरात उताऱ्यासकट मोकळा प्लॉट आहे, असा गरीब तुम्ही व्हायचंय. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, निघाला तर आधी तो नियमित करून घ्या, त्या खात्याची रांग शेजारीच असते.

हे अडीच लाख हप्त्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो: पाया, लिंटेल, स्लॅब, पूर्ण घर. माझ्या एका मित्राचा पाया झाला, फोटो झाला, पुढचा हप्ता काही येईना. पावसाळा गेला. पायात बाभळीचं रोप उगवलं आणि चांगलं कमरेएवढं झालं. पुन्हा फोटो काढायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, झाडाच्या पुढे उभे राहा, नाहीतर प्रगती दिसणार नाही."

प्लॉट नसेल तर कर्ज काढा, व्याजावर अनुदान आहे. घर 35 लाखांच्या आतलं, कर्ज 25 लाखांच्या आतलं, त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर सवलत, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. मी हिशेब मांडला. 20 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 9 टक्के व्याज: महिन्याचा हप्ता साधारण 18 हजार. म्हणजे 240 हप्त्यांपैकी 10 हप्ते सरकारचे. महिन्याला 25 हजार कमावणाऱ्या अत्यल्पाने उरलेल्या 7 हजारांत संसार करायचा. अर्थात ही वेळ तुमच्यावर येणार नाही, तुमची पगारपावती पाहून बँक तुम्हाला आधीच वाचवते.

तेव्हा भाड्याने राहा. माझी खोली तशी नवीकोरी आहे. मालकांच्या घराला लागूनच, नवी फरशी, भिंतीला पोपटी रंग, भाडं 6 हजार. राहायला गेलो त्या दिवशी मी करारनाम्याचा विषय काढला. मालक, म्हणजे काका, पान लावत होते. चुना बोटावर तसाच धरून म्हणाले, "अहो सर, आपल्यात कसला कागद? घरच्यासारखे राहा." मी घरच्यासारखा राहिलो. नळाचं पाणी घरच्यांचं भरून झालं की मला मिळतं, आणि अकरा महिन्यांनी घरच्यासारखेच 500 रुपये वाढतात.

कायद्याचं म्हणाल तर तो भक्कम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, शिवाय अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे कलम तोंडपाठ करा. आणि खोली सोडायची तयारी होईपर्यंत कुणाला म्हणून दाखवू नका.

करार नसल्याची गंमत पुढे कळते. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला पत्त्याचा पुरावा लागतो. लाइटबिल काकांचं, घरपट्टी काकांची, माझ्या आधारवर अजून आजोळचा पत्ता. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "भाडेकरार जोडा की." मी म्हटलं, नाही. "मग इथे राहताय कशावरून?" मी त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा उभा होतो, तेवढा पुरावा पुरला नाही.

म्हाडाची सोडतही आहे. आपल्याला पुणे मंडळ. अनामत भरा, नंबर नाही लागला तर परत मिळते.

एक मार्ग मात्र खरोखर चालला. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर उभं राहिलं: विडी कामगार, यंत्रमाग कामगार, असंघटित मजूर यांच्यासाठी 30 हजार घरं. जानेवारी 2024 मध्ये पहिल्या 15 हजारांच्या चाव्या द्यायला स्वतः पंतप्रधान आले. त्याआधी विडी वळणाऱ्या बायकांनी किती वर्षं मोर्चे काढले ते विचारू नका. तेव्हा एकट्याने अर्ज करू नका. आधी 29 हजार 999 जण गोळा करा.

परवा भाडं द्यायला गेलो तेव्हा काकांना म्हटलं, योजनेसाठी तरी करार करून द्या. काका खूश झाले. "अरे, चांगली योजना आहे ती!" म्हणाले आणि कपाटातून फाइल काढली. थोरल्याचं लग्न झाल्या झाल्या रेशनकार्ड वेगळं केलं होतं, शेजारचा मोकळा तुकडा त्याच्या नावे केला होता. चार फोटो होते. पाया, लिंटेल, स्लॅब. चौथ्यात थोरला दारात उभा होता आणि मागे भिंतीचा पोपटी रंग अजून ओला होता.

म्हणजे योजनेचं घर मला मिळालंय. काकांनी 6 हजार मोजून घेतले. पावती मी मागितली नाही.