‘भट्टीत सगळंच वितळतं’ म्हणे!

काचेच्या रिसायकलिंगचा ‘भंडाफोड’ करणारा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. काल तो मावशीनेही पाठवला आणि खाली विचारलं, “मग फुटके कप आणि बाटल्या एकाच पिशवीत टाकल्या तर चालतील ना?” नाही मावशी, चालणार नाहीत.

फॉरवर्डचं म्हणणं असं: एक, जुनी काच वितळवायला नव्या काचेइतकीच ऊर्जा लागते. दोन, दर फेरीला काचेचा दर्जा घसरतो. तीन, भट्टीत सगळंच वितळतं, वेगळं करण्याचा खटाटोप फुकटचा. चार, गोळा केलेली काच शेवटी भरावातच जाते. पाच, काच जड, त्यापेक्षा प्लास्टिक बरं.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण खरं नुकसान तोच करतो.

बाटल्या-बरण्यांची काच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी, सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवलेली. चिनी मातीचा तुकडा त्या भट्टीत धड विरघळत नाही. तो साच्यापर्यंत पोचतो आणि नव्या बाटलीच्या अंगात खडा होऊन बसतो. थंड होताना काच वेगळ्या प्रमाणात आकसते, खडा वेगळ्या. त्याच्याभोवती ताण साठतो. आत फसफसणारं पेय दाबाखाली भरलं की बाटली तिथेच तडकू शकते. तपासणी यंत्राने आधीच पकडली तरी सुटका नाही: नाकारलेल्या बाटल्या सहसा पुन्हा भट्टीतच जातात, खड्यासकट.

किती भेसळ चालते? युरोपीय संघाचा २०१२ चा ११७९ क्रमांकाचा नियम पाहा. काचेचे तुकडे ‘कचरा’ या सदरातून बाहेर कधी येतात, हे त्यात आकड्यांनिशी दिलंय. एक मिलिमीटरहून मोठ्या तुकड्यांत दगड, चिनी माती वगैरे दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा कमी हवी, म्हणजे टनामागे १०० ग्रॅमच्या आत. लोखंड जास्तीत जास्त ५० ग्रॅम, इतर धातू ६० ग्रॅम. चहाचा मग ३०० ग्रॅमचा धरला, तर तो एकटा तीन टन काच मर्यादेबाहेर न्यायला पुरेसा आहे. ही मर्यादा निवडून झाल्यानंतरच्या मालाची, हे खरं. पण निवडणाऱ्या यंत्रालाही मर्यादा असतात. अपारदर्शक तुकडा कॅमेरा ओळखतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. तोच तुकडा गाडीत दाबून बारीक झाला की झोताचा नेम चुकतो. आणि ओव्हनमध्ये चालणारं बोरोसिलिकेटचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या वेगळ्या काचेचं भांडं तर पारदर्शकच, साध्या कॅमेऱ्याला ते बाटलीच वाटतं. ते पकडायला एक्स-रे किंवा अतिनील किरणांची यंत्रं लागतात. सुटलं तर वितळलेल्या काचेत नीट मिसळत नाही, गाठी राहतात.

धातूंचंही तेच. ॲल्युमिनियमचं झाकण भट्टीत गेलं की वाळूतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे सिलिकॉनचे कडक मणी राहतात. बाटली तडकायला तेवढं पुरतं. शिसं तर वितळून तळाशी बसतं आणि भट्टीच्या विटा पोखरतं. ही भट्टी वर्षानुवर्षं न विझवता चालवायची असते. ‘सगळंच वितळतं’ लिहिणाऱ्याने तिचा तळ एकदा बघावा.

आता ऊर्जा. भट्टी तापवावी लागतेच, इतपत मुद्दा खरा. पण मिश्रणात जुन्या काचेचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढवलं की ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्के वाचते, कारण कच्च्या मालातल्या रासायनिक क्रियांचा खर्च त्या काचेने आधीच चुकवलेला असतो. शिवाय टनभर काचेला सुमारे १.२ टन कच्चा माल लागतो. वरचं वजन बहुतांशी चुनखडी आणि सोडा ॲशमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड. जुन्या काचेतून तो निघत नाही. हा फायदा फॉरवर्डमध्ये औषधालाही नाही.

दर्जा घसरण्याची गोष्ट कागदाची, तिथे तंतू तुटत जातात. काचेत तुटायला तंतूच नाहीत. रंगाची अडचण मात्र खरी आहे: हिरव्या बाटलीला रंग देणारं क्रोमियम परत काढता येत नाही, म्हणून पांढरी (बिनरंगी) काच हिरवीत खपते, हिरवी पांढरीत नाही.

भरावाचा मुद्दा, नाइलाजाने, अर्धा मान्य. ओल्या कचऱ्यात मिसळलेली, चुरा झालेली काच बऱ्याचदा बाटलीपर्यंत परत पोचत नाही. भरावात जाते, नाहीतर उष्णता अडवायला वापरतात ती काचलोकर किंवा फोम काच होते. भरावात खडीऐवजी गेली तर फक्त तेवढी खडी वाचते, भट्टीचं इंधन नाही. पण हे घडतं ते वेगळी न ठेवल्यामुळेच. म्हणजे तिसऱ्या सल्ल्याने चौथी तक्रार तयार होते!

जड असण्याबद्दल वाद नाही. एकदाच वापरून फोडायची बाटली लांबून वाहून आणणं तोट्याचंच. त्यावर उपाय प्लास्टिक नव्हे. तीच बाटली धुऊन पुन्हा भरणं वितळवण्याहूनही बरं, फक्त ती परत न्यायचं अंतर कमी हवं.

तर मावशी, पिशवीत फक्त बाटल्या आणि बरण्या. झाकण काढ, एकदा खंगाळ. कप, बशा, आरसा, खिडकीची काच, ओव्हनची भांडी, बल्ब यातलं काही नको. तडकलेली बाटली चालेल, पण मुद्दाम फोडू नकोस. आणि लेबल खरवडत बसू नकोस, तेवढा कागद भट्टीत जळून जातो.