सुलोशन सुकू द्या की

गेल्या रविवारी आमच्या वाड्यावरच्या जत्रेत मी खाजे खाल्लं. एवढाच गुन्हा. बेसनाची काडी, वर गूळ आणि आलं. गोव्यात खाजे न घेता घरी परतलेला माणूस जत्रेला गेला होता हे कुणी मानत नाही. तिसऱ्या काडीला माझ्या खालच्या कवळीचं अस्तर एका कडेनं सुटलं आणि जिभेपाशी गुलाबी फडकं लोंबायला लागलं. त्याच तोंडानं मला नाटकाआधीचं आभारप्रदर्शन करायचं होतं. ‘सन्माननीय’ म्हणताना अशी काही शिट्टी निघाली की पडदेवाल्यानं पडदा वर घेतला.

हे अस्तर म्हणजे सॉफ्ट लायनर. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, खालचं तर वरच्याच्या साधारण चौपट. मग ॲक्रिलिकची टणक कवळी हिरडीला टोचते, म्हणून आतून दोनेक मिलिमीटर सिलिकॉन चढवतात. चार महिन्यांपूर्वी मी त्याचे चार हजार मोजले होते. महिन्याला हजार रुपये भाडं पडलं म्हणायचं.

सोमवारी कवळी रुमालात बांधून फोंड्याला निघालो, तर फर्मागुडीच्या चढावर स्कूटर पंक्चर.

पंक्चरवाला बेळगावकडचा. ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधता शोधता म्हणाला, “काका, तोंडाला काय झालं?” बोळक्या तोंडानं ‘सॉफ्ट लायनर’ म्हणून बघा एकदा. शेवटी रुमालच सोडला.

त्यानं हात पँटला पुसले. (ती पँट मी पाहिली होती.) कवळी उजेडात धरली, अस्तराच्या कडेत नख घातलं आणि सर्रकन अर्धं सोलून काढलं.

“अहो!”

“बघा की काका, कसा सोलतोय. कुठं फाटला नाय, खाली एक तुकडा ऱ्हायला नाय. म्हणजे रबर चांगला हाय. धरलाच नाय तो.”

“रबर नाही, सिलिकॉन.”

“तेच की. घासलं होतं काय?”

“काय?”

“कानस! कानस मारल्याबिगर पॅच धरतोय काय? घासायचं, पुसायचं, सुलोशन लावायचं, मग हात लावायचा नाय. लोक हितंच घाई करतात. सुलोशन सुकू द्या की! ओल्यावर दाबलं की संपलं.”

आणि मला एकदम ती दुपार आठवली. दवाखान्यातली मुलगी कवळीला आतून चिकटद्रव्य लावत होती, तिचा फोन वाजला, एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं तिनं वर सिलिकॉन ओतलं. सुकायला वेळ दिलाच नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना कळतं म्हणून गप्प बसलो होतो.

शेजारी सायकलची ट्यूब घेऊन ताटकळलेला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, इतका वेळ ऐकत होता. मी तावातावानं काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाला, “पयलीं दांत घालात, मागीर उलयात.” पंक्चरवाला मात्र कामात होता. माझी कवळी त्यानं टबाच्या काठावर ठेवली होती आणि ‘दोन मिनिटात मारून देतो’ म्हणत सुलोशनचं झाकण उघडत होता. मी झडप घातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढं किती तरी वर्षं कवळ्या गंधक घालून तापवलेल्या रबराच्याच असत, टायरच्या चुलत घराण्यातल्या. तेव्हा हा माणूस डॉक्टर झाला असता.

पंक्चरचे साठ रुपये झाले. “परत सुटलं तर फुकट करून देतो,” म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कवळी पाहिली आणि पहिला प्रश्न केला, “काय खाल्लंत?” दुसरा, “गरम पाण्यात बुडवता का?” मग इंग्रजीत सांगितलं, “ॲडहेसिव्ह फेल्युअर.” म्हणजे धरलाच नाय तो. सिलिकॉन आणि ॲक्रिलिकची जातच वेगळी, आपणहून चिकटत नाहीत, मध्ये चिकटद्रव्य लागतंच. ॲक्रिलिकचंच मऊ अस्तर मिळतं, ते चांगलं धरतं. पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य थुंकीत झिरपून जातं आणि काही महिन्यांत ते कडक होतं. म्हणजे चिकटणारं टोचणार आणि न टोचणारं सुटणार. लॅबमध्ये उष्णता देऊन पक्कं केलेलं जास्त टिकतं, पण मग कवळी तिकडे ठेवायची आणि मी पेजेवर राहायचं. वॉरंटीचं विचारलं तर डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

पुन्हा तिथंच चढवून घेतलं. या वेळी त्यांनी ‘बर’, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची फिरती कानस, फिरवून आतला भाग खरबरीत केला आणि चिकटद्रव्य लावलं. मुलीनं सिलिकॉन उचललं तसा मी खुर्चीतून ओरडलो, “सुकू द्या की!” दोघंही दचकली. मी घड्याळाकडे बघत बसलो. फोन वाजला, कुणी उचलला नाही.

परतताना फर्मागुडीला तो रस्त्यापलीकडून ओरडला, “काका, धरलं काय?” बसथांब्यावरचे सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली, तोंड उघडलं नाही.

काल रात्री डावीकडच्या कोपऱ्यात जिभेला काहीतरी लागलं. मी जीभ मागं घेतली. अजून आरशात बघितलेलं नाही.