वजनातली तूट म्हणजे केवळ चोरी नव्हे

१५९२ साली अझोर बेटांजवळ इंग्रजांनी पकडलेल्या ‘माद्रे दे देउश’ या पोर्तुगीज जहाजावरचा मिरीसह जेवढा माल इंग्लंडमधल्या डार्टमथ बंदरात कमी भरला, तेवढा चोरीला गेला, हे त्या लुटीवरच्या लेखातले विधान मला घाईचे वाटते. लूट प्रचंड झाली यात वाद नाही. चौकशीसाठी पाठवलेल्या रॉबर्ट सेसिल या राणी एलिझाबेथच्या दरबाऱ्याला तर वाटेत भेटणाऱ्यांच्या बोचक्यांना येणाऱ्या कस्तुरीच्या वासावरूनच माल कुठला ते कळत होते. परंतु भारतातून निघून कित्येक महिने समुद्रावर असलेल्या आणि पकडले जाताना तोफांचा मारा सोसलेल्या जहाजात, भिजलेले किती हा प्रश्न मोजणीच्या आधी येतो.

बंदरावर मालाच्या नुकसानीची पाहणी करण्याचे काम मी बरीच वर्षे केले. ओलावा धरलेली मिरी काट्यावर उलट जास्त भरते आणि वाळवल्यावर तूट निघते. वरून कोरड्या दिसणाऱ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, की आतली मिरी कोमट लागते आणि बोटांना पांढुरकी बुरशी चिकटून येते. पोर्तुगीज तर मिरी जहाजाच्या पोटातल्या बंद कप्प्यांत सुटीच भरत. तळाशी पाणी झिरपले असेल, तर वरचा थर पाहून ते कळणार कसे? (आमच्याकडे निदान पोते उसवता येत असे.) उरलेला माल लंडनला न्यायला दहा जहाजे लागली, हे लेखात आले आहे, त्यातला विकण्याजोगा किती होता, यावर मात्र एक ओळही नाही.