डॉक्टरांविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार बंद झालेलं नाही
‘2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून आरोग्यसेवा वगळली, आता चुकीच्या निदानाबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. आधीच्या विधेयकातला ‘आरोग्यसेवा’ हा शब्द कायद्यात आला नाही, एवढंच खरं. त्यावर बोट ठेवणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने 2021मध्ये फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही 2022मध्ये तोच निकाल कायम ठेवला. मात्र सगळ्यांना मोफत उपचार देणारं रुग्णालय यात येत नाही.

आणि निदान चुकलं म्हणजे हलगर्जी झालीच, असंही नाही (हे मेसेजवाले कधी सांगत नाहीत). वाजवी काळजी घेतली नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी केसपेपर, रिपोर्ट लेखी अर्ज करून मागा; डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात. तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं.