तेरणेकाठची नोंद

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकाने लिहिलं, "जग कुठे चाललंय आणि आपल्याकडे लोक पणजोबाचे मोडीतले कागद हुडकत तहसीलला रांगा लावतायत." खाली माझं नाव घालून पुढे विचारलं, "तू सांग, तिकडे न्यूझीलंडला कुणी बापजाद्यांची चौकशी करतं का?" त्यावर एकवीस अंगठे पडले. मी ते मोजले.

विषय कुणबी नोंदींचा, म्हणजे मराठा घरांना कुणबी दाखला मिळवून देणाऱ्या जुन्या नोंदींचा. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात निजामकाळातली दप्तरं उघडली जातायत. २ सप्टेंबर २०२५चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला आणि गावोगावी पुन्हा वंशावळी मांडायला सुरुवात झाली. आरक्षण कुणाला, किती, कुणाच्या वाट्यातून, यावर मी बोलणार नाही. ते ज्यांना तिथे राहून निभवायचंय त्यांनी बोलावं. मला झोंबलं ते वेगळंच. पूर्वजांचं नाव शोधणं म्हणजे मागासपणा, आणि सुधारलेल्या देशात हे असलं काही नसतं, हे त्या एकवीस जणांनी गृहीतच धरलं होतं.

इथे विचारतात. रोज विचारतात. मी क्राइस्टचर्चमध्ये बारा-तेरा वर्षं इमारतींच्या भूकंपरोधक मजबुतीचं काम करतोय. नवीन प्रकल्पाची पहिली बैठक असली की आधी कराकिया, म्हणजे माओरी प्रार्थना होते, मग एकेक जण पेपेहा, म्हणजे माओरी रीतीने स्वतःची ओळख म्हणतो. आधी आपला डोंगर, मग नदी, मग आपली माणसं. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. हे सरकारी कचेरीत चालतं, शाळेत चालतं, दवाखान्याच्या उद्घाटनाला चालतं. त्यात कुणाला मागासलेलं वाटत नाही.

आणि कागदाचंच म्हणाल तर ऐका. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि या दक्षिण बेटावरची त्यांची मोठी जमात नाय ताहू. १८४८ साली इंग्रज सरकारने त्यांच्याकडून या बेटाचा केवढा तरी मोठा तुकडा दोन हजार पौंडात लिहून घेतला आणि राखून ठेवायच्या जमिनींचा शब्द पाळला नाही. त्यांनी दीडशे वर्षं दाद मागितली. १९९८मध्ये कायदा होऊन सतरा कोटी डॉलरची भरपाई मिळाली. आता त्या जमातीत नाव नोंदवायचं तर १८४८ साली हयात असलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाचा तरी वंशज असल्याचं दाखवावं लागतं. ती यादी १९२५मध्ये जमीन न्यायालयाने आणि १९२९मध्ये त्यांच्याच गणना समितीने पक्की केली. ब्लू बुक म्हणतात तिला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन लाल केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा आहे, आणि त्या यादीतल्या एका बाईचा सहाव्या पिढीतला वंशज आहे. "तू तर गोरा दिसतोस" असं त्याला म्हणायची इथे कुणाची टाप नाही. पूर्वी कायद्याने माओरी ठरायला निम्मं रक्त लागायचं. १९७४मध्ये ती अट गेली. वंशज आहेस ना, मग आहेस.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मित्राने लगेच २०२४च्या विधेयकाची बातमी टाकली, तुमच्याकडेही माओरींचे हक्क काढायला निघाले होते म्हणून. निघाले होते खरं. पण त्या नोव्हेंबरात वेलिंग्टनला संसदेवर मोर्चा गेला तेव्हा पोलिसांच्या मोजणीनेच चाळीस हजारांवर माणूस होतं, आणि १० एप्रिल २०२५ला ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. पन्नास-पंचावन्न लाखांच्या देशात ही गोष्ट लहान नाही. तो मोर्चा वाटेत होता तेव्हा आम्ही ऑफिसात काम थांबवून बघत होतो.

मित्राला हे पटायचं नाही, कारण त्याच्या घरचे कागद शाबूत आहेत. आजोबांच्या सनदेपासून सगळं प्लॅस्टिकच्या फायलीत घातलेलं मी लहानपणी त्याच्या घरी पाहिलंय. ज्याचे कागद कधी गेले नाहीत त्याला कागद हुडकणारा माणूस वेडा दिसतो.

आमचे गेले. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, चारला चार-पाच मिनिटं कमी. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यात, तेरणेकाठी. माळवदाचं घर, दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. मी गणपती बुडवून आल्यावर अंगणातच बाजेवर झोपलो होतो म्हणून आज हे लिहितोय. आजी आत होती. आजीच्या उशाशी पत्र्याची पेटी असायची, हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. शेताचे कागद, खासरा पाहणीचे उतारे, तुळजापूरच्या पुजाऱ्यांनी लिहून दिलेली पिढ्यांची नावं, सगळं तिच्यात. चौथ्या दिवशी जवानांनी ढिगारा उपसला तेव्हा पेटी चपटी होऊन निघाली आणि मधल्या पावसाने आतला लगदा झाला होता. अप्पांनी तो लगदा पत्र्यावर पसरून उन्हात ठेवला. दोन दिवस ते त्याच्यापाशी बसून होते. एकही ओळ सुटी झाली नाही.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना मी तेरा वर्षांचा मुलगा पाहत होतो, माझे अप्पा आपण आपल्याच बापाचा मुलगा आहोत हे साहेबांना सांगत टेबलापुढे उभे आहेत. जमिनीच्या हिशोबाने नवं घर मिळणार होतं, आणि जमीन कुणाची हे सांगणारं घरात काही उरलं नव्हतं. तेव्हा दोन साक्षीदार उभे करून पंचनामा झाला. त्या दोघांतला एक जण स्वतःच्या पोराला जाळून तीनच दिवस झाले होते, तरी आला होता.

म्हणून मला त्या एकवीस अंगठ्यांचा राग येतो. पण हे मित्रालाच का सांगू, मीही तसाच वागलोय.

२०२३च्या दिवाळीत दादाचा, म्हणजे चुलतभावाचा फोन आला. तालुक्याच्या जुन्या दप्तरात आमच्या घराची नोंद असल्याची कुणीतरी खबर दिली होती. त्याने मोडी वाचणारा गाठला होता, आणि त्याला खात्री करून घ्यायची होती. "अप्पा तुला काही बोलले असतील. पणजोबाच्या बापाचं नाव काय?" मला आठवलं नाही. आठवलं नाही एवढंच सांगून थांबायचं होतं. मी वर म्हणालो, "दादा, मला ह्याचा काय उपयोग? माझ्या पोरी काय तिकडे दाखला काढायला येणारेत?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुझ्या पोरींसाठी नाही रे विचारत, माझ्या पोरासाठी विचारतोय." मला तेव्हा साइटवर जायची घाई होती.

नाव त्याने मिळवलंच. पानाचा फोटो पाठवला, कडेला त्याचा अंगठा आलेला, पान कसरीने चाळणी केलेलं. मोडी मला एक अक्षर येत नाही. त्याने पेन्सिलीने हलकी खूण केली होती म्हणून कळलं की हे आपले. मी फोटो मोठा करत करत अक्षरांच्या वळणापर्यंत गेलो. आजीच्या पेटीत होतं ते नाव हेच असणार.

आणि यंदा धाकटीच्या शाळेत पेपेहा लिहायला सांगितला. शिक्षिकेने वर्गात नीट समजावलं होतं की ज्यांचे पूर्वज इथले नाहीत त्यांनी इथला डोंगर आपला म्हणून सांगू नये, तो मनाला भिडतो एवढंच म्हणावं. तिने ते घरी येऊन सांगितलं आणि सरळ विचारलं, "बाबा, मग आपला खरा कुठला?" मी म्हटलं बालाघाट. नदी तेरणा. तिने माकणीच्या धरणाचा फोटो बघितला, बालाघाटाचा बघितला, म्हणाली, "हा डोंगर आहे?" आओराकीसारखी बर्फाची उंच शिखरं बघत वाढलेली पोर ती. मला राग आला तिचा, आणि तिचं काय चुकलं हे मला सांगता येईना. मी दोन्ही नावं तिला देवनागरीत लिहून दिली. तिने ती बघून इंग्रजीत उतरवली आणि माझा कागद तिथेच टेबलावर ठेवून गेली.

त्या रात्री मी दादाला फोन लावून वंशावळीचा फोटो मागितला. वरपासून सात पिढ्या, बाणासारख्या रेघा काढलेल्या. अप्पांखाली माझं नाव, कंसात न्यूझीलंड. दादाच्या नावाखाली त्याचा मुलगा. माझ्याखाली कोरं. विचारलं तर म्हणाला, "पोरींची नावं घालतात, नाही असं नाही. पण रेघ पुढे जात नाही ना. आणि तूच म्हणाला होतास काय उपयोग." इथे नाय ताहूत मुलीकडून गेलेलं नातं तेवढंच पक्कं धरतात, माझ्या शेजारचा ड्राफ्ट्समन एका बाईच्या नावावर उभा आहे, हे मी त्याला सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते ठीक आहे. तू नावं सांग, मी घरच्या प्रतीवर लिहून ठेवतो."

थोरलीचं नाव आजीचंच आहे, ते त्याने न विचारता लिहिलं. धाकटीचं आम्ही इथल्या लोकांच्या तोंडी बसावं म्हणून ठेवलेलं. ते त्याने मला तीनदा उच्चारायला लावलं.