गाय काहीही पचवते? नाही हो!

लग्नसराई आली की इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘पंगतीत उरलेला भात, पुऱ्या, शिरा गोशाळेत पोचवा. गाईला चार पोटं असतात, ती काहीही पचवते. दूधही वाढतं. आणि नको ते ती तोंडातच घेत नाही.’

भावना चांगली आहे, पण माहिती चुकीची.

पोट एकच, कप्पे चार. सगळ्यात मोठं कोटीपोट. तिथे चारा कुजवतात ते सूक्ष्मजंतू, आणि त्यांची सवय भुशा-कडब्याच्या संथ कामाची. गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते, शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. त्या लाळेतला सोडा आम्ल आवरतो. भात-पुरीला रवंथ लागत नाही, म्हणजे लाळही कमी. पिष्ट काही तासांत आंबतं आणि चारा पचवणारे जंतूच मरतात. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरा. निरोगी गाईचं कोटीपोट मिनिटाभरात एकदा-दोनदा मूठ वर ढकलतं. भात खाल्लेल्या गाईचं ढिम्म असतं, आत नुसतं पाणी डुचमळतं. शेण पातळ, आंबूस. पोटात बराच भात गेला असेल तर गाय एक-दोन दिवसांत दगावतेसुद्धा.

दूध वाढतं म्हणे! दुधातलं फॅट तयार होतं ते मुख्यतः तंतुमय चाऱ्यातून. चारा घटला की फॅट उतरते, आणि डेअरीत भाव ठरवताना फॅट बघतात.

राहिलं तिचं ‘स्वतःला कळणं’. गव्हाणीत भुसा नाकाने बाजूला सारून ती तळची सरकी पेंड बरोबर शोधते, हे खरं. पण ती निवड चवीची. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. जिभेने वेढून ओढायचं, गिळायचं, चावायचं नंतर. भातातली पन्नी, टाचणी, तार त्यातच जाते. टोकदार वस्तू दुसऱ्या कप्प्यात अडकते, आणि त्याला लागूनच हृदय.

गोग्रासाची एक पोळी खुशाल द्या. पोतंभर नको. उरलेलं, माणसांनी खाण्याजोगं नसेल तर, ओल्या कचऱ्यात टाका. इंदूरजवळ देवगुराडियाला 2022 मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, रोज 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्लांट त्यासाठीच सुरू झाला. गोशाळेला काही द्यायचंच असेल तर माळव्यात गहू निघाल्यावर भुसा स्वस्त असतो, तेव्हा वर्गणी काढून एक ट्रॉली पाठवा.