लाल रंगाने भूक लागते म्हणे!

नवा क्लायंट आला की दोन-तीन दिवसांत तो तक्ता मोबाईलवर येतोच. रंगीत चौकोन आणि प्रत्येकापुढे एकेक गुण: निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे भूक, हिरवा म्हणजे निसर्ग, तपकिरी म्हणजे माती. खाली ठसठशीत अक्षरांत, ‘ग्राहकाचा ९० टक्के निर्णय रंगावरच होतो.’ लोगो करूनच माझं पोट चालतं, त्यामुळे रंगाला महत्त्व नाही असं म्हणणं मला परवडायचं नाही. पण हा तक्ता निव्वळ थाप आहे.

लाल आणि भूक. पुरावा काय, तर मॅकडोनाल्ड्स आणि केएफसी. मग यूट्यूब, नेटफ्लिक्स, टोयोटा, कॅनन? प्रिंटर बघून कुणाच्या पोटात कावळे ओरडल्याचं ऐकिवात नाही. शिवाय खुद्द मॅकडोनाल्ड्सने २००९ मध्ये जर्मनीत लाल पार्श्वभूमी काढून गडद हिरवी आणायला सुरुवात केली.

निळा आणि विश्वास. इथे हमखास फेसबुकचं नाव येतं. झुकरबर्गला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, निळा मात्र छान दिसतो, असं त्याने स्वतःच २०१० मध्ये सांगितलंय. म्हणजे मानसशास्त्र कसलं, डोळ्यांची अडचण! पुढे २०१८ मध्ये फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती परस्पर वापरल्याचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीला आलं, २०१९ मध्ये फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड बसला. लोगो तेव्हाही निळाच होता. उलट एचएसबीसी आणि सान्तान्देर या बँका लाल, आणि लोक तिथे बिनघोर पैसे ठेवतात.

९० टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा २००६ च्या एका निबंधाच्या नावावर खपवतात. त्यात आकडा होता ‘६२ ते ९०’, आणि निबंध म्हणजे आधीच्या लेखनाचा आढावा होता. फॉरवर्ड होता होता ६२ गळाले.

तपकिरीचं मला विशेष वाटतं. यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीने तो १९१६ च्या सुमारास घेतला, पुलमनच्या आलिशान रेल्वे डब्यांवरून. त्या काळी तो थाटाचा रंग होता, आता तक्त्यात त्याची माती झाली. रंगाला जन्मजात अर्थ असता तर हे झालं असतं का?

‘लाल बटण जास्त दाबलं जातं’ हेही त्याच पठडीतलं. २०११ च्या एका गाजलेल्या चाचणीत लाल बटणाला हिरव्यापेक्षा २१ टक्के जास्त क्लिक मिळाले, हे खरं. पण ते पान आधीच हिरव्याने भरलेलं होतं, त्यात लाल उठून दिसलं. लाल पानावर हिरवं बटणही तसंच उठून दिसेल.

म्हणून मी लोगो आधी फक्त काळ्यात करतो. मग स्पर्धकांचे लोगो एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवतो. परवाच्या क्लायंटला निळाच हवा होता. कागदावर सातपैकी सहा लोगो निळे निघाले. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “यात आपला कुठे दिसणार?” शेवटी भडक नारिंगी ठरला. आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी: चार रंगांच्या छपाईत हा नारिंगी मळकट येतो, त्यासाठी पॅन्टोनची, म्हणजे आधीच नेमक्या त्या रंगात मिसळलेली, वेगळी शाई लागते. तो खर्च कुणी करायचा, यावर आमची अजून घासाघीस चालू आहे.